डोनट एक, वाटेकरी चार

आपली मंडळी प्रवासाला निघाली की गाडीत काय काय असतं, हे मी नव्यानं सांगायला नको. चिवड्याचा डबा, दशम्या, लसणाची चटणी, चहाची पावडर आणि मोटेलच्या खोलीत खिचडी लावायला एक छोटा कुकर. घरून निघताना आपण "बाहेरचं फार खायचं नाही" असं ठरवतो आणि ते बरंचसं पाळतोही. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या प्रवासाच्या यादीत एक नवा प्रकार शिरला आहे. धबधबा, म्युझियम, देऊळ यांच्या जोडीला "त्या गावातलं ते प्रसिद्ध डोनटचं दुकान" हेही आता प्रेक्षणीय स्थळ झालं आहे. मुलांना तिथं जायचंच असतं आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही जायचं असतं.

आरोग्य आणि अर्थ या सदरात डोनटचं नाव निघालं म्हणजे पुढं "खाऊ नका" हे वाक्य येणार, असं वाचकांना वाटेल. माझं म्हणणं तसं नाही. परगावचा नवलाईचा पदार्थ जरूर खावा. मात्र एक घ्यावा, वाटून खावा, तिथंच संपवावा आणि खोकं घेऊन घरी येऊ नये. आरोग्याचा आणि पैशाचा, दोन्ही हिशोब डोनटापेक्षा त्या खोक्यात अडकलेले असतात. मी डॉक्टर नाही, आर्थिक सल्लागारही नाही. सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आकडे दिसले की जुळवून बघायची सवय आहे, एवढंच.

नवलाई कशी घडवतात

उदाहरणादाखल पोर्टलंडचं व्हूडू डोनट हे दुकान घेऊ. ऑरेगनमधल्या या शहराच्या जुन्या भागात, थर्ड अॅव्हेन्यूवर, २००३ साली दोन मित्रांनी ते काढलं. डोनटच्या धंद्यात नवीन करण्यासारखं काय उरलं आहे, असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं. या दोघांनी डोनटवर मेपलच्या पाकाबरोबर बेकनच्या पट्ट्या ठेवल्या, सकाळच्या नाश्त्याचं रंगीत सीरियल चिकटवलं, आणि माणसाच्या आकाराची एक बाहुली करून तिच्या पोटात रासबेरीचा जॅम भरला. सुरुवातीच्या काळात त्यांनी खोकल्याच्या आणि पोटाच्या औषधांचं ग्लेझ लावलेले डोनटही विकले होते. स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांनी ते बंद करायला लावले, आणि ते योग्यच झालं. औषध हे मोजून घ्यायचं असतं, ते मिठाईवर ओतायचं नसतं. दुकानात लग्नंसुद्धा लागतात. आता त्यांच्या शाखा इतर शहरांतही आहेत.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. डॉमिनिक अॅन्सेल या फ्रेंच पेस्ट्री शेफनं मे २०१३ मध्ये मॅनहॅटनच्या सोहो भागातल्या आपल्या बेकरीत क्रोनट आणला. क्रोआसाँसारखं पदर सुटलेलं पीठ, आकार डोनटचा, तळलेला, आत क्रीम. सुरुवातीला किंमत पाच डॉलर होती. पहाटेपासून रांगा लागू लागल्या, माणशी दोनच मिळतील असा नियम झाला, आणि रांगेत उभं राहून विकत घेतलेले क्रोनट कित्येक पटींनी महाग विकणारेही निघाले. चव दर महिन्याला बदलते, आणि गेलेली चव पुन्हा येत नाही.

मैदा, साखर, तेल आणि यीस्ट यांची किंमत एवढी नसते. आपण पैसे देतो ते गोष्टीचे, रांगेचे आणि "आम्ही तिथं जाऊन आलो" असं सांगता येण्याचे. त्यात गैर काही नाही. नाटकाच्या तिकिटाचे पैसे आपण कागदाच्या तुकड्यासाठी थोडेच देतो? पण मग हिशोबही तसाच करावा. एक नाटक बघायला एक तिकीट लागतं. त्याच नाटकाची बारा तिकिटं एकट्यासाठी कुणी काढत नाही.

करणीची बाहुली

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सिअॅटलहून पोर्टलंडला गेलो होतो. सुमारे पावणेदोनशे मैल, रहदारी नसेल तर तीन तास. मी, सौ., नऊ वर्षांची मुलगी आणि साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेले बाबा. बाबांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. माझंही एक सांगून टाकतो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीएवनसी ५.९ आलं होतं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. त्याच्या पुढं गेलं की घरात. थोडक्यात, आमच्या घरात डोनट हा विषय केवळ हौसेचा राहिलेला नाही.

रांग वीसेक मिनिटांची होती. सौ. शाकाहारी, तेव्हा बेकनवाला प्रकार बाद. आतलं सारण आणि वरचं ग्लेझ यात जिलेटिन वगैरे काही आहे का, हे काउंटरवर विचारून घेतलं. शाकाहारी मंडळींनी असं जरूर विचारावं, संकोच करू नये. मुलीनं ती बाहुली निवडली. चॉकलेटचा काळा रंग, पांढरे डोळे, तोंडाचा आ वासलेला आणि पोटात खुपसलेली प्रेट्झेलची काडी. काडी ओढली की आतला लाल जॅम बाहेर येतो. बाबा ते बघून म्हणाले, "अरे, ही तर करणीची बाहुली! आमच्याकडं लोक हिला घाबरून रस्ता बदलतात, आणि इथं रांग लावून खातात?" मुलीला करणी म्हणजे काय ते समजावण्यात उरलेला वेळ छान गेला.

एकाच बाहुलीचे चार भाग केले. आईस्क्रीमच्या दुकानात असतात तसल्या लाकडी चमच्यानं ते काम फारसं सुबक झालं नाही, पण झालं. चव खरोखर चांगली होती. पीठ ताज्या पावासारखं हलकं, वरचं चॉकलेट दाताखाली किंचित करकरणारं, जॅमला आंबटपणा आणि प्रेट्झेलचं मीठ. पहिला घास नवलाचा, दुसरा आवडीचा. तिसऱ्या घासाला मात्र जीभ फक्त "गोड" एवढंच सांगत होती. चौथा घास वाट्याला नव्हता आणि त्याची कुणाला आठवणही झाली नाही. बाबांचा अभिप्राय असा, "पाव तळून त्यावर पाक ओतलाय. बरा आहे. एकदा खायला बरा आहे."

बाबांचं हे शेवटचं वाक्य म्हणजे माझ्या लेखाचा निम्मा मजकूर आहे.

त्यानंतर आम्ही पायी पॉवेल्स या पुस्तकांच्या भल्या मोठ्या दुकानात गेलो आणि तिथं तास-दीड तास हिंडलो. खाल्ल्यावर थोडं चाललं की स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि ती फार वर चढत नाही. हे आता सर्वमान्य आहे, आणि आपल्याकडं शतपावली म्हणतात ती वेगळी काही नाही. बाबांनी दोन तासांनी बोटाला सुई टोचून बघितलं, तर आकडा १६४. खाणं सुरू केल्यापासून एक ते दोन तासांनी १८० च्या आत असावा, हे अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचं बहुतेक रुग्णांसाठीचं उद्दिष्ट आहे. एका आकड्यावरून सिद्धांत मांडू नये, हे मला कळतं. प्रत्येकाची औषधं, वय आणि प्रकृती वेगळी असते. आपापल्या डॉक्टरांना विचारूनच हे ठरवावं. पण मोजून खाल्लं आणि खाऊन मोजलं, याचं समाधान बाबांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

गुलाबी खोक्याचं गणित

दुकानातून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांच्या हातात गुलाबी खोकं होतं. या गुलाबी खोक्यालाही एक इतिहास आहे, आणि तो आपल्यासारख्या परदेशी येऊन स्थायिक झालेल्यांनी वाचण्यासारखा आहे. कंबोडियातून टेड न्गॉय नावाचे गृहस्थ १९७५ साली निर्वासित म्हणून कॅलिफोर्नियात आले. डोनटच्या एका साखळी दुकानात काम शिकले आणि दोन वर्षांत स्वतःचं दुकान घेतलं. मग मागून आलेल्या देशबांधवांना काम शिकवून एकेक दुकान चालवायला दिलं. घरची माणसं राबणारी, गल्ला घरचाच. बघता बघता कॅलिफोर्नियातली असंख्य डोनटची दुकानं कंबोडियन कुटुंबांची झाली. पांढऱ्या खोक्यापेक्षा गुलाबी खोकं काही सेंटनी स्वस्त पडायचं, म्हणून या दुकानांतून ते रूढ झालं असं सांगतात. हे टेड न्गॉय लक्षाधीश झाले आणि पुढं जुगारात सगळं घालवून बसले. खोक्यामागं सेंट वाचवून उभ्या राहिलेल्या धंद्यातला पैसा मोठ्या भोकानं गेला. अर्थविषयक सदराला याहून चांगली बोधकथा मिळणार नाही.

पण आपण गिऱ्हाईकाच्या बाजूनं बघू. समजा, एक डोनट चार डॉलरला आहे आणि डझनाचं खोकं तीस डॉलरला. डझन घेतलं तर एक अडीच डॉलरला पडतो. आपल्या डोक्यात लगेच गणित होतं की दर डोनटमागं दीड डॉलर वाचला, बारा नगांत अठरा डॉलर वाचले! स्वस्त दिसलं की घ्यायचं, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. पण गरज होती एका डोनटची, फार तर दोनाची. म्हणजे चार किंवा आठ डॉलर जायचे तिथं तीस गेले. दर कमी झाला आणि बिल वाढलं. शाळेत आपल्याला एका नगाची किंमत काढायला शिकवलं, पण "किती नग हवेत?" हा प्रश्न गणितात नेहमी दिलेलाच असायचा. व्यवहारात तो आपला आपल्याला विचारावा लागतो.

यात दुकानदाराचा दोष नाही. डोनट घाण्यानं तळले जातात आणि संध्याकाळपर्यंत शिळे होतात, तेव्हा डझनानं खपवणं त्याच्या फायद्याचंच आहे. प्रश्न आपल्या फायद्याचा आहे.

खोक्याची दुसरी गोम अधिक मजेशीर आहे. एकच चव खात गेलं की तिची गोडी कमी होते, पण वेगळ्या चवीची भूक शिल्लक राहते. बार्बरा रोल्स या अमेरिकन आहारशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर प्रयोग केले. आपल्याला ते पंगतीतून ठाऊक आहेच. "आता एक घास जात नाही" म्हणणारा माणूस जिलबी आली की सरसावून बसतो. एकाच प्रकारचे बारा डोनट कुणी एकापाठोपाठ खाणार नाही. पण बारा प्रकारांचं मिश्र खोकं उघडलं की प्रत्येक रंग जिभेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावतो. रात्री हॉटेलवर "थोडासा हा बघू", सकाळी चहाबरोबर "तो राहिलाय", आणि घरी पोचल्यावर "टाकवत नाही" म्हणून उरलेला. अन्न टाकायचं नाही हा आपला संस्कार चांगलाच आहे. पण नको असलेलं अन्न कचऱ्याच्या डब्यात न टाकता पोटात टाकलं, तर वाचलं काय? अन्न वाचवायची वेळ खोकं विकत घेण्यापूर्वीची असते.

डोनटच्या पोटात काय असतं

साधा ग्लेझ लावलेला यीस्टचा डोनट साधारण दोनशे ते अडीचशे कॅलरींचा असतो. सारण भरलेला आणि वरून सजवलेला मोठा प्रकार चारशेच्या घरात किंवा त्याही पुढं जातो. साखरेचं मोजमाप सोपं ठेवावं. चार ग्रॅम म्हणजे एक चहाचा चमचा. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मते वरून घातलेली साखर बायकांनी दिवसाला २५ ग्रॅम म्हणजे सहा चमचे आणि पुरुषांनी ३६ ग्रॅम म्हणजे नऊ चमचे, याच्या आत ठेवावी. सारणाचा आणि सजावटीचा एक मोठा डोनट एकट्यानं खाल्ला तर त्या दिवसाचा वाटा बहुतेक संपतो. वर चहा, बिस्किट आणि संध्याकाळचा ज्यूस आहेतच.

तेलाची बाजू पूर्वीपेक्षा सुधारली आहे. एके काळी डोनट ज्या स्निग्ध पदार्थात तळत तो म्हणजे आपल्या डालड्याचा भाऊच. अंशतः हायड्रोजनीकरण केलेलं तेल, ज्यात ट्रान्स फॅट असते. अमेरिकेच्या एफडीएनं २०१५ साली असं तेल खाद्यपदार्थांत सुरक्षित मानता येत नाही असा निर्णय दिला, आणि २०१८ पासून त्याच्या वापरावर टप्प्याटप्प्यानं बंदी आली. भारतातही जानेवारी २०२२ पासून तेल-तुपाच्या चरबीत ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या वर नसावी असा नियम आहे. म्हणजे आजचा डोनट वीस वर्षांपूर्वीच्या डोनटपेक्षा हृदयाला थोडा बरा. पण तळलेला मैदा आणि साखर हे त्याचं मूळ रूप काही बदललेलं नाही.

वीस किंवा अधिक शाखा असलेल्या साखळी दुकानांना २०१८ पासून कॅलरींचे आकडे फलकावर लावावेच लागतात. एखाद-दोन शाखांच्या गावठी दुकानाला हे बंधन नाही. तिथं आकडा दिसला नाही म्हणजे तो कमी आहे असं नव्हे! पाकिटबंद पदार्थांवर तर आता "अॅडेड शुगर्स" अशी वेगळी ओळच असते. ती वाचायची सवय मुलांना लावावी. माझी मुलगी हल्ली ग्रॅमला चारनं भागून चमचे सांगते. भागाकाराचा सरावही होतो.

आपल्याला हे सगळं जास्त लागू पडतं, याचं कारण आपली शरीरं. दक्षिण आशियाई लोकांना तुलनेनं कमी वजनावर आणि कमी वयात मधुमेह गाठतो. अंगानं सडपातळ आणि पोटाचा घेर तेवढा वाढलेला, ही आपली परिचित मूर्ती. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं २०१५ पासून आशियाई लोकांच्या तपासणीसाठी बीएमआयची मर्यादा २५ वरून २३ वर आणली. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांसंबंधीच्या तज्ज्ञ मंडळानं २०२१ साली ३५ ते ७० वयाच्या, वजन जास्त असलेल्या सर्वांची तपासणी करावी असं सुचवलं, आणि आशियाई लोकांच्या बाबतीत ती याहून आधी आणि २३ बीएमआयपासूनच करण्याचा विचार करावा असंही म्हटलं. या शिफारशीमुळं बहुतेक विमा योजनांत, ठरलेल्या अटींत बसत असाल तर, ही तपासणी खिशातून पैसे न घालता होते. आपल्या योजनेला एक फोन करून खात्री करून घ्या. माझ्या वयाच्या, म्हणजे तिशी-पस्तिशीच्या मित्रांना मी हे मुद्दाम सांगतो. आपण गाडीचं तेल पाच हजार मैलांनी न चुकता बदलतो आणि स्वतःची साखर दहा वर्षांत एकदाही बघत नाही.

आणि उंबरठ्यावरून परत फिरता येतं, ही चांगली बातमी आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या प्रतिबंधक अभ्यासात, वजन सात टक्के कमी करणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम ही उद्दिष्टं ठेवणाऱ्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी घटलं. चालण्यानं गोळीला मागं टाकलं!

दोन पंथ आणि मधला रस्ता

आपल्या घरांत या बाबतीत दोन पंथ दिसतात. पहिला कडक सोवळ्याचा. साखर म्हणजे विष, डोनट म्हणजे पाप. अशा घरातली मुलं मित्राकडच्या वाढदिवसाला तीन-तीन केकचे तुकडे खातात, आणि आजोबा रात्री सगळे झोपल्यावर फ्रिज उघडतात. चोरून खाल्लेलं कुणी मोजत नाही, आणि न मोजलेली साखर सर्वांत वाईट. दुसरा पंथ "एखाद्या वेळी काय होतंय?" वाल्यांचा. त्यांचं वाक्य खरं आहे, फक्त "एखादी वेळ" किती वेळा येते याची नोंद कुणी ठेवत नाही. सोमवारी ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस, बुधवारी मीटिंगमध्ये फुकटचे डोनट, शनिवारी पॉटलक, रविवारी मंडळाचा कार्यक्रम. प्रत्येक वेळ वेगवेगळी धरली तर एखादीच, आणि आठवड्याला चार.

म्हणून माझं मत असं की परगावच्या त्या बाहुलीवर राग काढू नये. ती बिचारी प्रामाणिक आहे. मी गोड आहे, तळलेली आहे, असं ती तोंड वासून सांगते. खरी साखर येते ती बिननवलाईच्या वाटेनं. ऑफिसच्या टेबलावर सकाळपासून उघडं पडलेलं, कुणीही विकत न घेतलेलं, कुणालाही विशेष न आवडणारं खोकं. जाता-येता अर्धा तुकडा. तो आपल्याला आठवतही नाही. कंपनी पैसे देते म्हणून तो फुकट वाटतो, पण कंपनीच्या पैशानं आलेली साखर आपल्याच रक्तात जाते. जो डोनट खाल्ल्याची वर्षभर आठवण राहील तो खावा. जो संध्याकाळी आठवणार नाही तो सोडावा. माझ्या पुरता मी हा नियम केला आहे आणि तो पाळायला सोपा आहे.

भारतातून आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत तर अधिक जपावं. त्यांच्यासाठी आपण घेतो तो प्रवासी विमा बहुधा आधीपासूनच्या आजारांचा खर्च देत नाही. अचानक उद्भवलेल्या गंभीर प्रसंगापुरती सोय काही योजनांत असते, तीही मर्यादित. साखर फार वर गेली किंवा खाली आली आणि इमर्जन्सी रूम गाठावी लागली, तर ते बिल आपल्याला भरावं लागू शकतं. म्हणून पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचावीत, औषधं पूर्ण मुदतीची आणावीत आणि ग्लुकोमीटर प्रवासात हातातल्या बॅगेत ठेवावा. पण त्यांच्या ताटावर पहारा बसवू नये. "बाबा, तुम्हाला नाही" असं नातीसमोर म्हटलं की साखर राहते बाजूला आणि मान दुखावतो. "बाबा, यातला चौथा भाग तुमचा" म्हटलं की मानही राहतो आणि मापही.

पैसा कुठं वाचतो

आर्थिक सदरांतून एक हिशोब वारंवार दिसतो. महिन्याला तीस डॉलर वाचवा, सात टक्के दरानं गुंतवा, वीस वर्षांत साडेपंधरा हजारांच्या वर होतील. गणित बरोबर आहे, पण न खाल्लेल्या डोनटचे पैसे बँकेत नेऊन भरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. चार डॉलरच्या आनंदावर काट मारून कुणी श्रीमंत होत नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या अंदाजानुसार मधुमेहाचं निदान झालेल्या व्यक्तीमागं केवळ त्या रोगामुळं होणारा वैद्यकीय खर्च २०२२ साली वर्षाला सरासरी सुमारे १२ हजार डॉलर होता. त्यातला बराच भाग विमा उचलतो हे खरं, पण हप्ते, डिडक्टिबल आणि औषधांचा वाटा शेवटी घरातूनच जातो. हिशोब करायचा तर या आकड्याचा करावा.

ज्यांची योजना जास्त डिडक्टिबलची आहे त्यांनी हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटचा जरूर विचार करावा. पैसे कर न लागता जमा होतात, वर्षाअखेर बुडत नाहीत, नोकरी बदलली तरी आपलेच राहतात, आणि ग्लुकोमीटर, पट्ट्या, औषधं यांवर खर्च करता येतात. या खात्यात भरलेला डॉलर डोनट चुकवून वाचवलेल्या डॉलरपेक्षा अधिक कामाचा आहे.

मंडळाला एक सूचना

शेवटी आपल्या मंडळाविषयी. कार्यक्रमाच्या जेवणात हल्ली दोन-दोन, तीन-तीन गोड पदार्थ असतात. जिलबी, श्रीखंड, वर मुलांसाठी डोनटची खोकी. स्वयंसेवक मंडळी अतिशय प्रेमानं राबतात, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण पुढच्या गणेशोत्सवापासून एक गोड पदार्थ, तोही खरा चांगला, आणि तुकडे लहान, असं करून बघता येईल का? मुलांसाठी डोनट आणायचेच असतील तर दुकानातच चार भाग करून मागावेत. आग्रह जरूर करावा, तो आपला स्वभाव आहे. पण तो कोशिंबिरीचा करावा! आणि वर्षातून एकदा, दाराशी टेबल मांडून, आपल्याच सभासद डॉक्टरांच्या देखरेखीखाली साखर आणि रक्तदाब तपासायची सोय करावी. या कामाला दोन तास द्यायला मी तयार आहे, नावं लिहून घेण्याचं काम माझं.

गोडाशिवाय सण नाही आणि नवलाईशिवाय प्रवास नाही. दोन्ही सोडायचं काही कारण नाही. फक्त वाटेकरी वाढवावेत. बघा पटतंय का. न पटल्यास पुढच्या अंकात जरूर लिहा, वाद घालायला आवडेल.